पिटबुल, रॉटवायलर आणि सोसायटीची लिफ्ट: कुत्र्याची जात नेमकं काय सांगते?

वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्द. जुलै २०२५ मध्ये तिथे उभ्या असलेल्या एका रिक्षात अकरा वर्षांचा मुलगा खेळत बसला होता आणि एक पिटबुल त्याच्या हनुवटीला चावला. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. मुलगा भेदरून ओरडतोय आणि कुत्र्याचा मालक पुढच्या सीटवर बसून हसतोय. गुन्हा दाखल झाला, बातम्या झाल्या, आणि खाडीच्या अलीकडच्या सोसायट्यांमध्ये जुना वाद पुन्हा पेटला. एक गट म्हणतो, या जातीच खुनशी, हद्दपार करा. दुसरा गट म्हणतो, कुत्रा कधीच वाईट नसतो, मालक वाईट असतो.

दोन्ही गटांचं थोडं थोडं बरोबर आहे आणि दोघेही एका महत्त्वाच्या ठिकाणी चुकतात. ते ठिकाण सापडलं की लिफ्टमध्ये काय करायचं, पिल्लू कोणतं घ्यायचं, सोसायटीने कोणता नियम करायचा, या प्रश्नांची उत्तरं बरीच सोपी होतात.

'जात' हा शब्दच फसवा आहे

मराठीत आपण माणसालाही जात म्हणतो आणि कुत्र्यालाही. तिथूनच गोंधळ सुरू होतो. माणसांची जात समाजाने लादलेली. स्वभाव, बुद्धी यांच्याशी तिचा जीवशास्त्रीय संबंध काही नाही. कुत्र्यांच्या जाती मात्र माणसाने ठरवून घडवल्या. ठरावीक कामाला उपयोगी पडणारे नर-मादी निवडायचे, त्यांची पिल्लं घ्यायची, त्यातली पुन्हा निवडायची. त्यामुळे कुत्र्यांच्या बाबतीत खरं तर 'वाण' हा शब्द जास्त जवळचा आहे, तांदळाचा असतो तसा.

इंद्रायणीचा भात चिकट होतो, कोलमचा मोकळा. हा वाणाचा गुण, त्यात स्वयंपाक करणाऱ्याचं श्रेय नाही. पण भात करपला तर दोष इंद्रायणीचा की गॅस मोठा ठेवून बाहेर गेलेल्या माणसाचा? कुत्र्यांच्या वादात एक गट फक्त तांदळाबद्दल बोलतो आणि दुसरा फक्त गॅसबद्दल.

वाण कशासाठी घडवले होते तेही पाहू. इंग्लंडमध्ये बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चालायचा. १८३५ मध्ये कायद्याने तो बंद झाला आणि शौकिनांनी कुत्र्यांच्याच झुंजी लावायला सुरुवात केली. दणकट बुलडॉग आणि चपळ टेरियर यांचा संकर झाला. पिटबुलचे पूर्वज ते. रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा, गुरं हाकणारा आणि खाटकांच्या गाड्या ओढणारा. डोगो अर्जेंटिनो रानडुकराच्या शिकारीसाठी तयार केलेला. तुर्कस्तानचा कांगाल आणि कॉकेशियन शेफर्ड हे मेंढ्यांचे राखणदार. त्यांच्याकडून अपेक्षा अशी की रात्री धनगर झोपलेला असताना कळपाजवळ कोण आलं, त्याला हाकलायचं की नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवावं. विचारायला येऊ नये. हा गुण डोंगरात सोन्यासारखा. घोडबंदर रोडवरच्या दोन बीएचकेत डिलिव्हरीवाला दिवसातून चार वेळा बेल वाजवतो, तिथे त्याच गुणाचं काय होईल, याचा विचार पिल्लू विकणारा सहसा करू देत नाही.

प्रश्न एक नाही, दोन आहेत

"ही जात धोकादायक आहे का?" या वाक्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. पहिला, हा कुत्रा चावण्याची शक्यता किती? दुसरा, चावलाच तर इजा किती?

घोडबंदर रोडवरून जेएनपीटी बंदराकडे जाणारा ट्रेलर आणि गल्लीतली स्कूटर घ्या. ब्रेक उशिरा दाबणं, मोबाइल बघणं, झोप लागणं, या चुका दोन्हीकडे होतात. स्कूटरवाल्यांच्याच कदाचित जास्त. पण ट्रेलर चुकला तर काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको. म्हणून ट्रेलर चालवायला वेगळा परवाना लागतो आणि शहरात शिरायला वेळेचं बंधन असतं. ट्रेलर दुष्ट असतो असं कोणी म्हणत नाही.

कुत्र्यांचं असंच आहे. घरोघरी दिसणारा पॉमेरेनियन पाच-दहा किलोचा. तो चावतो, अनेकदा चावतो, आणि लोक हसून सोडून देतात. पूर्ण वाढलेला नर रॉटवायलर ५० ते ६० किलोंचा. त्याच्या एका चाव्याने हाताचं हाड मोडू शकतं. अमेरिकन पिटबुल टेरियर मात्र लोकांना वाटतो तेवढा मोठा नसतो, साधारण १५ ते २७ किलो. त्याच्या बाबतीत वजनापेक्षा चावण्याची पद्धत महत्त्वाची. बरेचसे कुत्रे झटकन चावून सोडतात. झुंजीच्या वंशातल्या कुत्र्यांमध्ये धरून ठेवण्याची आणि झटके देण्याची प्रवृत्ती जास्त दिसते. जखम खोल होते ती त्यामुळे.

जातीवरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं, पहिल्याचं फारच थोडं. दोन्ही गट चुकतात ते इथे. बंदीवाले दुसऱ्याचं उत्तर पहिल्यालाही चिकटवतात आणि 'वाईट मालक'वाले दुसरा प्रश्न विचारतच नाहीत.

शेपटाचा बाक आणि स्वभावाचा बाक

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, अशी आपली म्हण. शेपटापुरती ती खरी आहे. शेपटाचा बाक, केसांची लांबी, रंग, उंची या गोष्टी वंशातून येतात आणि जातीवरून बऱ्याच खात्रीने सांगता येतात.

स्वभावाबद्दल एप्रिल २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि त्यातल्या २,१५५ कुत्र्यांचे जनुक तपासले गेले. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण नऊ टक्केच फरक जातीने समजावता आला. माणसाचं ऐकण्याची तयारी हा गुण त्यातल्या त्यात जातीशी जास्त जोडलेला निघाला. डिवचलं, घाबरवलं तर कुत्रा किती लवकर बिथरतो, याला आपण 'चावण्याचा उंबरठा' म्हणू. हा उंबरठा कोणाचा किती उंच, हे जातीवरून जवळजवळ सांगताच आलं नाही.

इथे थांबून "बघा, जातीचा काही संबंध नाही" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात १०१ जातींच्या सरासरी एकमेकींशी ताडून पाहिल्या, आणि तिथे जनुकांचा वाटा मोठा दिसला. अनोळखी माणसावर धावून जाण्याच्या बाबतीतही. हे दोन अभ्यास एकमेकांना खोटं पाडत नाहीत. त्यांनी वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत.

कोल्हापुरात पैलवान जास्त, हे खरं. म्हणून ठाणे स्टेशनवर भेटलेल्या कोल्हापूरकराशी कुस्ती खेळायची नाही असं कोणी ठरवत नाही; तो बँकेत कारकून असण्याचीच शक्यता जास्त. सरासरी खरी असते आणि तरीही समोरच्या एकट्याबद्दल ती फार कमी सांगते. हजार रॉटवायलर आणि हजार लॅब्राडॉर घेतले तर परक्या माणसाबद्दलच्या संशयात फरक दिसेल. तिसऱ्या मजल्यावरचा रॉटवायलर आणि सातव्या मजल्यावरचा लॅब्राडॉर यांच्यात आधी कोण चावेल, हे त्यावरून ठरत नाही.

आक्रमकतासुद्धा एकच एक गोष्ट नाही. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात माणसांबद्दलच्या आक्रमकतेत वरच्या क्रमांकांवर डॅशहुंड आणि चिवावा होते. पिटबुल आणि अकिता वर होते ते इतर कुत्र्यांबद्दलच्या आक्रमकतेत. दुसऱ्या कुत्र्यावर झेपावणारा कुत्रा माणसावरही झेपावेलच असं नाही. पण मध्ये हात घालणारा मालक त्यात जखमी होतो, हे नेहमीचं.

"पण बातमीत दर वेळी पिटबुलच कसा असतो?"

काही अंशी म्हणून, की पॉमेरेनियन चावल्याची बातमी होत नाही. पण फक्त तेवढंच नाही. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात मेलेल्या २३८ माणसांची नोंद तपासली गेली. निम्म्याहून जास्त मृत्यूंमध्ये पिटबुल प्रकारचे कुत्रे आणि रॉटवायलर होते. बंदीवाल्यांचा हा सर्वांत भक्कम आकडा, आणि इजेच्या प्रश्नावर तो नक्कीच काहीतरी सांगतो. त्याच अभ्यासात निदान २५ जातींचे कुत्रे जीवघेणे ठरले होते, आणि या आकड्यांवरून जातवार कायदे करू नयेत असं अभ्यासकांनी स्वतःच बजावलं होतं.

कारण साधं आहे. समजा एका महिन्यात ठाण्यात पांढऱ्या गाड्यांचे अपघात सर्वांत जास्त झाले. पांढरा रंग घातक, असा निष्कर्ष आपण काढणार नाही. रस्त्यावर पांढऱ्या गाड्याच जास्त आहेत. एखादी जात किती वेळा चावली, याला त्या जातीचे कुत्रे एकूण किती, या संख्येने भागावं लागतं. कुत्र्याची नोंदणी न करणारे मालक भरपूर असले की ही खालची संख्याच मिळत नाही.

दुसरी अडचण ओळखण्याची. रुंद डोकं, आखूड केस, भरलेली छाती दिसली की झाला पिटबुल. अमेरिकेत प्राणी निवाऱ्यांतल्या कर्मचाऱ्यांना १२० कुत्री दाखवून जात विचारली आणि मग त्यांची डीएनए तपासणी केली. ६२ कुत्र्यांना कोणीतरी पिटबुल प्रकारचं ठरवलं होतं; तपासणीत सगळ्या १२० मधून तसे निघाले २५. रोज कुत्री हाताळणाऱ्यांचं हे, तर रात्री गेटवर बसलेल्या वॉचमनकडून काय अपेक्षा करणार? आपल्याकडे 'पिटबुल' म्हणून विकली जाणारी बरीच पिल्लं बुली (पिटबुलच्या वंशातलीच एक दांडगी जात) आणि इतर जातींचे संकर असतात, कागद काहीही म्हणोत.

जीव जातो तेव्हा आणखी काय काय बिघडलेलं असतं

या संपूर्ण वादातला सर्वांत उपयोगी अभ्यास आमच्या मते २०१३ चा आहे. २००० ते २००९ या दहा वर्षांत अमेरिकेत कुत्र्यांच्या चाव्याने झालेल्या २५६ मृत्यूंची पोलीस आणि शवविच्छेदनाच्या कागदपत्रांवरून छाननी झाली. हस्तक्षेप करू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं, अशी प्रकरणं ८७ टक्के. मेलेल्या माणसाची कुत्र्याशी नीट ओळख नव्हती, ८५ टक्के. कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती, ८४ टक्के. बळी वयामुळे किंवा आजारामुळे स्वतःला वाचवू शकत नव्हता, ७७ टक्के. कुत्रा घरातल्या माणसांत न वाढवता अंगणात, साखळीला, कुंपणाआड नुसता 'ठेवलेला' होता, ७६ टक्के. दहापैकी आठ प्रकरणांत यातली चार किंवा अधिक कारणं एकत्र आली होती. जात खात्रीने सांगता आली ती जेमतेम १८ टक्के प्रकरणांत.

नसबंदीच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. नसबंदी केली की कुत्रा आपोआप शांत होतो, असा याचा अर्थ नाही. जो मालक नसबंदी करून घेतो तो लसही देतो, फिरायलाही नेतो, डॉक्टरकडेही जातो. आकडा त्या मालकाचाही आहे.

हे चित्र आपल्याकडे आणून पाहा. बाल्कनीत किंवा गच्चीवर दिवसभर बांधलेला कुत्रा. खाली माणसं, मांजरं, भटकी कुत्री फिरतायत, त्याला पोचता येत नाही. रोज दहा तास तो फक्त भुंकण्याचा आणि झेपावण्याचा सराव करतो. एके दिवशी साखळीचा हुक निसटतो. शेजारी म्हणतात, "जातच तशी." त्या जागी गावठी कुत्रा दोन वर्षं बांधला असता तरी तो काही गोगलगाय झाला नसता.

जबडा लॉक होतो, हे तरी खरं ना?

नाही. पिटबुलच्या जबड्याच्या सांध्यात कुलूप लागेल असा कुठलाही भाग नाही; रचना इतर कुत्र्यांसारखीच. तो सोडत नाही कारण त्याला सोडायचं नसतं.

सरकारने तेवीस जातींची यादी काढली होती, तिचं काय झालं?

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं: तेवीस 'हिंस्र' जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, आणि ज्यांच्याकडे असे कुत्रे आहेत त्यांची नसबंदी करा. यादी नीट वाचली तर घाई दिसते. 'तोसा इनू' आणि 'जपानी तोसा' अशी एकाच कुत्र्याची दोन वेगळी नावं आहेत. 'टेरियर' एवढंच लिहिलंय, म्हणजे तीन किलोचा, पर्समध्ये मावणारा यॉर्कशायर टेरियरही हिंस्र! 'मॅस्टिफ' हे जातींचं आख्खं घराणं, तेही सरसकट. डॉबरमन आणि जर्मन शेफर्ड मात्र यादीत नाहीत.

१० एप्रिल २०२४ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता ते काढलं, हा मुख्य आक्षेप. दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही, आणि केंद्राने नंतर लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. तेव्हा ती यादी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर चिकटवून कोणाला घर सोडायला लावता येत नाही.

परदेशातला अनुभव संमिश्र आहे. ब्रिटनने १९९१ मध्ये चार प्रकारांवर बंदी आणली. मग 'एक्सएल बुली' नावाचा नवाच दांडगा संकर लोकप्रिय झाला आणि २०२३ च्या अखेरीपासून त्यालाही यादीत घालावं लागलं. नेदरलँड्सने पिटबुलबंदी २००८ मध्ये मागे घेतली. डेन्मार्कने २०१० मध्ये तेरा जातींवर बंदी घातली. ओडेन्स शहरात चाव्यांवर उपचारासाठी येणाऱ्यांची संख्या त्यामुळे घटल्याचं दिसलं नाही. उलट कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या २०१३ च्या अभ्यासात, बंदी असलेल्या भागांत रुग्णालयात भरती व्हावं लागण्याइतक्या जखमा थोड्या कमी झालेल्या दिसल्या. दोन प्रश्नांची फोड लक्षात ठेवली तर यात विसंगती वाटत नाही: मोठे कुत्रे कमी केले तर मोठ्या जखमा थोड्या घटू शकतात, पण चावे घटतीलच असं नाही. बाकी मालक तेच राहतात आणि पुढची दांडगी जात शोधतात.

म्हणजे कोणताही कुत्रा कोणीही पाळावा?

अजिबात नाही. उंबरठा उंच असला तरी इजा मोठी असेल तर चुकीला जागा कमी. पन्नास किलोचा कुत्रा अचानक ओढायला लागला तर त्याला थांबवू शकेल असं माणूस घरात रोज, प्रत्येक फेरीला हजर आहे का? संध्याकाळी त्याला आजी किंवा बारा वर्षांची मुलगी खाली नेणार असेल, तर उत्तर मिळालं.

पिल्लू घेताना जातीच्या कागदापेक्षा त्याची आई पाहा. आई परक्या माणसाला पाहून थरथरत असेल किंवा अंगावर येत असेल तर पिल्लू कितीही गोंडस असो, परत फिरा. भित्रेपणा वंशातूनही येतो आणि आईकडे बघूनही, आणि चावणाऱ्या कुत्र्यांत रागीटांपेक्षा घाबरटच जास्त असतात. २०१७ च्या पैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. "पाच आठवड्यांचं आहे, आत्ताच घ्या, लळा लागेल" म्हणणारा विक्रेता कायदाही मोडतोय आणि पिल्लाचं नुकसानही करतोय. किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो, हे पिल्लू भावंडांत खेळताना शिकतं.

यानंतरचे काही आठवडे सर्वांत मोलाचे. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू "जगात हे हे असतं, यात घाबरण्यासारखं काही नाही" अशी यादी बनवत असतो. छत्रीवाला, हेल्मेटवाला, काठी टेकणारे आजोबा, लिफ्टचा आवाज, गणपतीतले ढोल-ताशे, रिक्षा, धावणारी मुलं. या काळात जे दिसलं नाही ते पुढे परकं वाटतं. अडचण अशी की लसींचा कोर्सही याच काळात चालू असतो; सहाव्या-आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत. बरेच डॉक्टर 'कोर्स होईपर्यंत बाहेर नको' सांगतात आणि मालक पिल्लाला चार महिने घरात कोंडतात. यातून वाट आहे. जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घ्या. पिल्लाला उचलून उपवनच्या तलावाकाठी किंवा वाशीच्या सेक्टरमधल्या मार्केटबाहेर दहा मिनिटं उभं राहा. नुसतं बघू द्या. कोणी अंगावर झुकत असेल तर नम्रपणे थांबवा.

आणखी एक गफलत. आठ महिन्यांचा रॉटवायलर सगळ्यांशी गोड वागतो, म्हणून मालक निर्धास्त होतो. मोठ्या जाती स्वभावाने प्रौढ होतात दीड ते तीन वर्षांत. परक्यांबद्दलचा संशय, दुसऱ्या नराशी खुन्नस, स्वतःच्या जागेची राखण तेव्हा वर येते. "अचानक बदलला" असं वाटतं ते बहुतेकदा हेच. आणि खरोखरच अचानक बदलला असेल, विशेषतः वयस्क कुत्रा, तर शिकवणाऱ्याच्या आधी डॉक्टर गाठा. खुब्याचं दुखणं, कानातला संसर्ग, दात. हात लावला की दुखतं, म्हणून चावतो.

गुरगुरल्याबद्दल मारू नका. गुरगुर ही घंटा आहे. मार खाऊन कुत्रा गुरगुरायचं सोडतो आणि थेट चावायला शिकतो. गुरगुरीच्याही आधी खुणा असतात: भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान वळवणं, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसणं, आणि शेवटी अंग ताठ होऊन एकदम स्तब्ध होणं. शेपूट हलतंय म्हणजे खूश, हा समज बऱ्याच टाक्यांचं कारण आहे. ताठ, उंच धरलेलं, भरभर थरथरणारं शेपूट खुशीचं नसतं.

लिफ्ट: तीन बाय चार फुटांची कसोटी

लिफ्टमध्ये कुत्र्याला पळायला जागा नसते, अनोळखी माणूस अचानक दारातून आत येतो आणि बहुतेक वेळा तो कुत्र्याकडे टक लावून पाहतो. बाहेर ज्याचा उंबरठा उंच, त्याचाही इथे खाली येतो.

रिकामी लिफ्ट आली तरच चढा. आत गेल्यावर कुत्रा मागच्या कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मधे. दोरी चार-पाच फुटांची, साधी. बटण दाबून लांब होणारी नको, तिने पन्नास किलोंचा झटका थांबत नाही. मधल्या मजल्यावर कोणी थांबलं असेल तर "पुढची घेता का?" असं विचारायला लाजू नका. वरळीतल्या एका इमारतीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये शेजाऱ्याला कुत्रा चावला, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची कैद सुनावली. कुत्रा होता हस्की. तेवीसच्या यादीत नसलेला.

मोठ्या किंवा बिथरणाऱ्या कुत्र्याला लिफ्ट आणि जिन्यात मुसकं घालणं शहाणपणाचं. पण कोणतं, ते महत्त्वाचं. तोंड आवळून बंद करणारं कापडी मुसकं डॉक्टरकडे पाच मिनिटांपुरतं ठीक. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. ठाण्याच्या मे महिन्यात तोंड बंद ठेवून फिरवलं तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. पिंजऱ्यासारखं जाळीचं मुसकं घ्या, ज्यात तो तोंड उघडून धापा टाकू शकतो आणि पाणीही पिऊ शकतो. पहिल्याच दिवशी चढवलं तर पंजांनी ओरबाडून काढेल. आधी दोन-तीन दिवस मुसक्याच्या आत पनीरचा तुकडा ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या. मग खाताना पट्टा क्षणभर मानेमागे धरा, मग लावा आणि लगेच काढा, मग मिनिटभर, मग घरातल्या घरात फेरी. आठवडा-दहा दिवस लागतात. मुसकं घातलेला कुत्रा दिसला म्हणून लोक घाबरतात, खरं तर तो इमारतीतला सर्वांत निर्धोक कुत्रा असतो.

सोसायटी काय करू शकते?

ठरावीक जातीचा किंवा आकाराचा कुत्रा पाळायचाच नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेत बहुमताने झाला तरी तो भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांच्या विरोधात जातो. सोसायटीने वागण्यावर बोट ठेवावं: सामाईक जागेत दोरी हवीच, कुत्रा धरणारं माणूस सक्षम हवं, रेबीज लसीचा चालू दाखला आणि महापालिकेचा परवाना दाखवावा. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांत पाळीव कुत्र्याला परवाना लागतो. हे नियम पॉमेरेनियनलाही लागू करा, म्हणजे भांडण जातीवरून उरत नाही.

चाव्याची तक्रार पोलिसांत करता येते. पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलमात जातीचा उल्लेखही नाही.

चावलाच तर

पळू नका, किंचाळू नका. हात जवळ घेऊन उभे राहा, नजर जमिनीकडे. पिशवी, छत्री, दप्तर, जे हातात असेल ते मधे धरा. पडलात तर गुडघे पोटाशी, हात मानेमागे. कुत्र्याने मुलाला धरून ठेवलं असेल तर मुलाला खेचू नका; त्याने जखम फाटते. मालकाने कुत्र्याचा पट्टा मागून, जबड्याच्या अगदी खाली वर ओढून, तो सोडेपर्यंत धरायचा.

नंतर नळाखाली, साबणाने, घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही नको. मग लगेच रुग्णालय. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय. लस कातडीत टोचली तर चावल्यापासून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत टोचली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेत, आणि आधी कधी पूर्ण कोर्स झालेला नसेल तर, जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ते आठवणीने विचारा. पाळीव, लस घेतलेला कुत्रा असला तरी पहिला डोस टाळू नका. मालकाकडून लसीकरणाचं कार्ड घ्या आणि कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगा. दहाव्या दिवशी तो ठणठणीत असेल, तर उरलेले डोस घ्यायचे की थांबायचं हे डॉक्टर सांगतील.